हात न देणारी

देवीच्या कृपेचे अनुभव सांगणारी माणसं बहुतेक शांत, तृप्त आवाजात सांगतात. मला ते जमायचं नाही. माझा स्वभाव तापट. माहेरी होता तसाच तो सासरी आला आणि सत्तरी ओलांडली तरी तसाच आहे. आमचे हे म्हणतात, हिच्या डोक्यावर पोळी शेकून निघते. तेव्हा हा अनुभवही मी रागातच सांगणार, कारण तो मला रागातच आला. त्या दिवसांत देवीवर माझा राग होता, मुलावर होता, सुनेवर होता, जावेवर तर सांगायलाच नको. आणि सगळ्यांत जास्त राग होता तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

दिवाळीच्या साफसफाईत गॅलरी धुताना माझा पाय घसरला आणि गुडघ्याखालचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, निघालं, हाडही नीट जुळलं. त्या वेळी डॉक्टर म्हणाले, "आता जमिनीवर बसू नका." एवढं एक वाक्य माझ्या घरानं असं काही उचलून धरलं की विचारता सोय नाही. मुलगा मंगेश लगेच बर्डीवर, म्हणजे आमच्या नागपूरच्या बाजारात, गेला आणि एकसारख्या खुर्च्या घेऊन आला. एक बाथरूममध्ये, एक स्वयंपाकघरात, एक देवासमोर. सून शुभांगी बँकेत नोकरी करते, पोरगी जीव लावणारी, त्यात खोट काढायला जागा नाही. तिनं माझी विळी माळ्यावर टाकली, केर-फरशीला बाई लावली, लसूण सोलायचं कामसुद्धा माझ्याकडे ठेवलं नाही. "आई, आयुष्यभर केलंत, आता फक्त आराम करायचा." आल्यागेल्याला हे सांगताना तिचा चेहरा फुलायचा. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलं बाई तुम्ही. मी हसायची आणि आतून जळायची.

देवांचंही तेच झालं. आमचा देव्हारा जमिनीवर, चौरंगावर होता. सासूबाईंनी त्याच्यापुढे मांडी घालून पूजा केली, तशीच मी केली. मंगेशनं सुतार बोलावून तो देव्हारा खुर्चीच्या उंचीला आणला, म्हणजे मला बसल्या बसल्या फूल वाहता यावं. मी म्हटलं, "अरे, देवापुढे खुर्ची टाकून बसू का मी? तो काय तहसीलदार आहे, अन् मी काय अर्ज घेऊन आली?" तो म्हणाला, "आई, देवाले सगळं समजते." देवाला समजते आणि मला समजत नाही, असा त्याचा अर्थ. मी त्या खुर्चीवर बसून फुलं वाहायची, पण हात जोडायची इच्छाच व्हायची नाही.

हा आराम मला बाधला. कोणाला सांगायला जावं तर लोक हसतात, पण खरंच बाधला. उन्हाळा येईतो मांड्यांतला जोर गेला. आमचं घर पहिल्या मजल्यावर, तर तेवढं चढतानाही मध्ये थांबायला लागले. सोफ्यावरून उठायचं तरी कोणाचा तरी हात लागायचा, आणि हात द्यायला घरात जो तो टपलेलाच. एकदा दुपारी कुंकवाची करंडी हातातून निसटून पायाजवळ पडली. घरात आमच्या ह्यांच्याशिवाय कोणी नव्हतं आणि हे आत घोरत होते. करंडी दिसत होती, फरशीवर सांडलेलं कुंकू दिसत होतं, आणि मला खाली वाकून ते भरता येईना. शुभांगी बँकेतून येईपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले. देवीला म्हटलं, पाय मोडायचा होता तर पुरता मोडायचा होतास, हे असं अर्धवट कशाला ठेवलंस? त्या संध्याकाळी मी दिवा लावला नाही. शुभांगीनं लावला.

आता महालक्ष्म्यांचं सांगते, कारण माझा सगळा जीव तिथे अडकला होता. भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या येतात. पितळी मुखवट्यांची जोडी आहे, सासूबाईंच्या सासूबाईंपासूनची. घराण्याची रीत अशी, की पहिल्या दिवशी दिवेलागणीला घरच्या बाईनं तुळशीपुढे जमिनीवर बसायचं, दोन्ही हातांत दोन मुखवटे घ्यायचे, आणि तसंच उठून कुंकवाच्या पावलांवरून चालत त्यांना घरात आणायचं. उठताना हात टेकायचा नाही. कोणी हात द्यायचा नाही. टेकला किंवा दिला, की त्या बाईची पाळी संपली असं समजायचं आणि मुखवटे धाकट्या जावेच्या घरी जायचे. जाऊच उरली नाही, की मग सुनेकडे. आणि एकदा मुखवट्यांनी घर बदललं की ते माघारी येत नाहीत. सासूबाईंना जाऊ नव्हती, म्हणून ते माझ्याकडे आले. त्यांची पाळी संपताना मी पाहिली आहे. त्यांनी हात टेकला, मुखवटे माझ्या हातात दिले, आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तेव्हापासून दरवर्षी मीच उठत आले.

आषाढातल्या एका रविवारी मंगेशनं माझ्या दिराला आणि जावेला कळमेश्वरहून बोलावून घेतलं. मला आधी पत्ताही लागू दिला नाही. चहा झाला, आणि तो कुसुमपुढे, म्हणजे माझ्या जावेपुढे, हात जोडून म्हणाला, "काकू, ह्या वर्षीपासून महालक्ष्म्या तुमच्याकडे न्या. आईच्यानं आता होत नाही." कुसुमनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

नुसतं बरं! माझं पित्त खवळलं. "बरं? एवढ्याचीच वाट पाहून राहिली होती का वं तू?" दीर खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला तो खाली घेतलाच नाही. मी मंगेशला म्हटलं, "मी जिती आहे अजून! मेल्यावर वाटण्या करायच्या असतात." तो म्हणाला, "आई, तू पडशील. पुन्हा हाड मोडलं तर? तुले काही झालं तर आम्ही काय करायचं?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मला जास्तच राग आला. त्याला धड वाईटही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर सामसूम असताना मी कोणाला न सांगता कठड्याला धरून खाली उतरले, ई-रिक्षा केली आणि आमच्या वस्तीपलीकडच्या देवीच्या देवळात गेले. दर्शनाला नाही गेले, भांडायला गेले. गाभाऱ्याला कुलूप होतं, पण जाळीतून देवी दिसत होती. सभामंडपात कोणी नव्हतं, फक्त एका कोपऱ्यात एक म्हातारी वाती वळत बसली होती. बसायला कडेला बाक होता. मी मुद्दाम बाकावर बसले नाही. देवीच्या अगदी समोर, खांबाजवळ, जमिनीवर बसले. बसले म्हणण्यापेक्षा आदळले. आणि मग मोठ्यानं सुरू केलं. इतकी वर्षं तुझं केलं, सोळा भाज्या, आंबील, पुरण, तुझ्या डोक्यावर टांगायच्या करंज्या-पापड्यांच्या फुलोऱ्यापर्यंत सगळं ह्या हातांनी केलं, आणि आता तुला मी चालत नाही का? जा, जा कळमेश्वरला, खा त्या कुसुमच्या हातचं, तिच्या पुरणात नेहमी गुठळ्या असतात. असं बरंच बोलले. रडले. नाक पुसलं. मन हलकं झालं म्हणावं तर तेही नाही. मग निघायचं ठरवलं आणि लक्षात आलं, मला उठता येत नाही.

एकदा जोर केला, दोनदा केला. कंबर वर यायची आणि धप्पकन खाली. शेवटी लाज सोडून त्या म्हातारीला हाक मारली. "बाई, जरा हात द्या न. गुडघा धरला माझा."

तिनं मान वर केली. माझ्याच वयाची असेल, कदाचित मोठी. सुकलेली, हिरवं लुगडं, केसांना तेल नाही. म्हणाली, "काहून?"

"काहून म्हणजे? उठता नाही येऊन राहिलं मले."

"मंग बसली काहून? मी सांगतलं होतं का तुले बसाले?"

मला वाटलं, वेडीबिडी असेल. गोड आवाजात पुन्हा म्हटलं, "एवढा एक हात द्या, बाई."

"नाई देत."

"अहो, माणुसकी आहे का नाही?"

"हाय न. पन हात नाई." आणि पुन्हा वातीला लागली. वात वळता वळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुह्यासारख्या लय पाह्यल्या मी. एकदा हात देला का रोज पायजे. उठाचं असन तं उठ, नाई तं बस तिथंच. संध्याकाळी पुजारी येते."

संध्याकाळी पुजारी येते! म्हणजे तोवर मी इथे, आल्यागेल्याच्या वाटेत, गाठोड्यासारखी? माझ्या तोंडून काय काय निघालं ते देवीच्या देवळात निघायला नको होतं. मेली, मुर्दाड, तुझा हात झडो, सगळं बोलून झालं. तिच्यावर काडीचा परिणाम नाही. तेव्हा डोक्यात एकच आलं, हिच्या थोबाडीत द्यायची. पण द्यायची तर तिच्यापर्यंत पोचायला हवं, आणि पोचायचं तर उठायला हवं. मी कुशीवर झाले, हातांवर आणि गुडघ्यांवर आले, लेकरासारखी रांगत खांबापर्यंत गेले. फरशी गुडघ्यांना बोचत होती. एक पाऊल रोवलं, खांबाला कवळ घातली आणि ओरडत, अक्षरशः ओरडत, वर आले. केस सुटलेले, पदर खाली, सगळी घामानं थबथबलेली. तशीच तिच्यापुढे गेले आणि हात उगारला.

तिनं वर पाहिलं. घाबरली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "मार."

माझा हात खाली आला. का आला, मला सांगता येणार नाही. "पुन्हा तुझं तोंड दिसू नको मले," असं काहीतरी म्हणून मी तरातरा बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर पाय लटलटायला लागले, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की मी जमिनीवरून उठले होते. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा. कोणी धरलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, त्या दिवशी माझा राग निवळला. छे! रात्रभर मी तिला काय काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव करत होते. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी पुन्हा हजर. कोपरा रिकामा. पुजारी नेमके होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वाती वळायला येणाऱ्या बायका वेगळ्या, त्या सकाळी येतात. हिरव्या लुगड्यातली अशी कोणी माझ्या तर ध्यानात नाही. कोणाची पाहुणी असेल." मी म्हटलं, येईल, थांबते. आणि बाक दिसत असूनही खाली बसले, कारण बाकावर बसलेली तिला दिसले असते तर ती जिंकली असती. ती आली नाही. मग उठणं आलं. खांब होताच.

असं रोज सुरू झालं. मी व्यायाम करत नव्हते हो, मी भांडायला जात होते! ती आज येईल, उद्या येईल. बसायची, देवीला दोन शब्द सुनवायची, त्या बाईच्या नावानं चार सुनवायची, आणि उठायची. आधी खांबाला मिठी मारून उठत होते, मग दोन हातांनी धरून, मग एका हातानं. मांड्या इतक्या दुखायच्या की पायरीवर पाय ठेवताना आई गं म्हणायची. रिक्षा जाताना करायची आणि येताना सोडायची, मग जातानाही सोडली. दुपारची डुलकी गेली, पण रात्री झोप लागायला लागली, भूक लागायला लागली. ती म्हातारी मात्र पुन्हा दिसली नाही. मी आजही तिला शोधते. ती कोण होती ह्यावर मी काही म्हणत नाही. ज्याला जे समजायचं ते त्यानं समजावं.

हे घरी लपणार किती दिवस? शुभांगीनं माझे काळेनिळे गुडघे पाहिले आणि कपाळाला हात लावला. डॉक्टरांकडून दटावणी मिळावी म्हणून ती मला घेऊन गेली. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, एक्स-रेचा नवा फोटो काढून पाहिला. शुभांगी म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही नाही सांगितलं होतं ना खाली बसायला? आई ऐकतच नाहीत." ते आमच्या दोघींकडे बघतच राहिले. "अहो, ते मी प्लास्टर काढलं तेव्हाचं सांगितलं होतं. काही आठवड्यांपुरतं. तुम्ही अजून ह्यांना खुर्चीवरच ठेवलंय?" मग म्हणाले, हाड पक्कं आहे, बसून बसून मांड्यांतला जोर गेला आहे, आधार जवळ ठेवून रोज बसा, उठा, चाला.

काही आठवड्यांपुरतं! ऐका आता. आणि घरच्यांनी मला जन्माची खुर्चीवर बसवली होती. परत येताना शुभांगी गाडी चालवता चालवता रडत होती. "आई, मला वाटलं मी तुमची सेवा करतेय." मी तिची समजूत घातली नाही. इतकी तापले होते. घरी आल्यावर मात्र तिनं स्वतः स्टुलावर चढून माळ्यावरची विळी काढली, धुतली आणि माझ्यापुढे ठेवली. मी खाली बसून त्या दिवशी भोपळा चिरला.

डॉक्टर बोलले तरी मंगेशची भीती जाईना. माझंही पुरतं जमत नव्हतं, कबूल करायला हवं. खांबाला धरून उठणं वेगळं आणि दोन्ही हात भरलेले असताना उठणं वेगळं. मी दोन हातांत दोन पाण्याचे तांबे घेऊन घरात करून पाहायला लागले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असाच प्रयत्न करताना मागे आदळले, तांबे गडगडले, सगळीकडे पाणी. मंगेश धावत आला आणि सवयीनं खुर्ची घेऊनच आला. ती खुर्ची पाहून माझं डोकंच फिरलं. बाहेर सगळं नागपूर मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक काढून ईडा-पीडा घालवत होतं. मी ओरडले, "ने, मलेही नेऊन दे तिकडं! म्हण, म्हातारीला घेऊन जा गे मारबत! एकदाची ब्याद जाऊ दे तुमच्या घरची!"

मंगेश खुर्ची हातात धरून तसाच उभा राहिला. मग खाली बसला, ओल्या फरशीवर, माझ्याजवळ. म्हणाला, "आई, असं नको बोलू गं." खुर्ची बाजूला सारली आणि म्हणाला, "ठीक आहे. एकदा तू उठ. कोणी हात लावणार नाही. पण टेकला, तर काकू घेऊन जातील, मग तू काही बोलायचं नाही." मी म्हटलं, कबूल.

आवाहनाच्या आदल्या दिवशी देवळात गेले तेव्हा पहिल्यांदा मला भांडायला काही सुचलं नाही. गाभारा उघडा होता. मी म्हटलं, बाई, माझ्याकडून होतं तेवढं केलं. आता तुला यायचं असेल तर ये, जायचं असेल तर जा. असं म्हटलं खरं, आणि म्हटल्याबरोबर रडूच कोसळलं, कारण मला तिनं जायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर-जाऊ आले. कुसुमनं येताना मुखवट्यांसाठी नवं रेशमी वस्त्र आणलं होतं. ते पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅलरीत तुळशीपुढे रांगोळी होती, दारापासून आतपर्यंत शुभांगीनं कुंकवाची पावलं काढली होती. हे हातात ताट आणि चमचा घेऊन दारात. मी बसले. मुखवटे हातात घेतले. पितळ जड असतं, तांब्यांपेक्षा पुष्कळ जड. डावा पाय रोवला, अंग पुढे झोकलं आणि उठायला लागले. अर्ध्यावर आले आणि अडकले. मांडी थरथर कापायला लागली. ना वर जाता येई, ना खाली बसता येई. शुभांगी "आई!" म्हणून किंचाळत पुढे झाली.

तिचा हात माझ्या दंडाला लागणार, तेवढ्यात कुसुमनं तिचं मनगट पकडलं. "हात नको लावू तिले! कोणीच लावू नका!"

मला वाटलं, पाहा, मी पडायची वाट बघून राहिली ही. सगळा संताप उसळून वर आला आणि मी तिच्याकडे पाहिलं. कुसुमच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शुभांगीचा हात तिनं घट्ट दाबून धरला होता आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, "उठ वं ताई, उठ. उठ वं माय." तिच्यावर ओतायला आणलेला राग होता, तो आता कुठे ओतू मला कळेना. तो खाली पायांत उतरला असावा. मी उठले. उभी राहिले. ह्यांनी ताट वाजवायला सुरुवात केली ते थांबेचनात. कुसुमनं रीतीप्रमाणे विचारलं, "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली?" मी मुखवटे सावरत होते. मंगेशनंच माझ्याऐवजी उत्तर दिलं, "सोन्याच्या पावलांनी!"

तिसऱ्या दिवशी, विसर्जन झाल्यावर, आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. कुसुम ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "ताई, एक सांगू? मलेच उठता येत नाही जमिनीवरून. माझेही गुडघे गेले. घरी कोणालेच सांगितलं नाही. मंगेशनं हात जोडले तं नाही कसं म्हणू? म्हटलं बरं. पण तेव्हापासून जिवात जीव नव्हता माझ्या. माझ्याकडे आल्या असत्या तं पहिल्याच वर्षी हात टेकला असता मी. मले तं सूनही नाही. आपल्या घरच्या महालक्ष्म्याच बंद पडल्या असत्या." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "रोज दिव्यापुढे तुमच्याच नावानं मागत होती. म्हणत होती, माय, ताईलेच उठव."

मी हातातली कढई खाली ठेवली. सगळा आषाढ, सगळा श्रावण मी हिच्या नावानं बोटं मोडली होती, हिच्या पुरणातल्या गुठळ्या देवीपुढे काढल्या होत्या, आणि ही तिकडे माझ्यासाठी दिवा लावत होती. मला इतका राग आला की मी तिच्यावरच ओरडले, "मग सांगितलं काहून नाही मेले?"

ती म्हणाली, "तुम्ही बोलू देता का कोणाले?"

दारात उभी असलेली शुभांगी फिसकन हसली. मग कुसुम हसली. शेवटी मलाही हसू आलं, रडता रडता. मी तिला त्या आठवड्यात कळमेश्वरला जाऊ दिलं नाही. तिचे गुडघे डॉक्टरांना दाखवले. त्यांनी भिंतीशी उभं राहून करायचे व्यायाम सांगितलेत, आणि ही आळशी बाई ते करत नाही, म्हणून फोनवरून रोज आमचं भांडण होतं.

लोक म्हणतात, देवापुढे शरण जावं म्हणजे मन शांत होतं. माझं काही झालं नाही. राग येतो, भांडते, दुपारी देवळात जाते, जमिनीवर बसते, देवीला जे सुनवायचं ते सुनवते आणि उठते. पण आता सुनवून झालं की हातही जोडते. पूर्वी मला वाटायचं, आपलं ओझं तिच्यावर टाकलं म्हणजे शरण गेलो. आता माझ्या पायांवर माझं जेवढं ओझं पेलतं तेवढं मी पेलते, आणि पेलता येणार नाही तेवढंच तिच्यासाठी ठेवते. तिनं मला एवढं दिलं, त्याचे उपकार मी मानते, अगदी मनापासून मानते. आणि रोज उठण्याआधी तिला बजावते, बाई, तू उठवशील तोवर मी उठेन, कोणाचा हात मागणार नाही. पण ज्या दिवशी मला उठता यायचं नाही, त्या दिवशी तू स्वतः खाली वाकायचंस. दुसऱ्या कोणाला पाठवायचं नाही.